आजचा ताप, मागच्या महिन्याचं पाणी

प्रश्न घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या सचिवांचा आहे. तीन इमारती, दोनशेच्या आसपास फ्लॅट, त्यातले बरेच बंद. जुलैच्या दोन आठवड्यांत पाच जणांना डेंग्यू, दोन मुलांना कावीळ, एकाला टायफॉइड. आणि पार्किंगमध्ये पाणी भरलं तेव्हा ते उपसायला उतरलेल्या वॉचमनला सध्या ताप. कमिटीत तीन तट पडलेत. एकाला रोज धूर फवारणी हवी, दुसऱ्याला शेजारच्या बांधकामाची तक्रार करायची आहे, तिसरा म्हणतो कामवाल्या बायकांना महिनाभर बंदी घाला. जूनमध्ये पाण्याची बोंब होती, रोज टँकर येत होते, हेही त्यांनी जाता जाता लिहिलंय. ‘नक्की काय करावं, आणि यंदा गणपती हॉलमध्ये बसवावा की नाही?’

सचिवसाहेब, आधी वॉचमनचं बघा. बाकीचं उत्तर उद्या वाचलंत तरी चालेल. साचलेल्या पाण्यात उतरलेल्या माणसाला नंतरच्या महिन्याभरात ताप आला, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापाचा, संशय धरायचा. उंदीर-घुशींच्या लघवीतले जंतू पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगेतून, चिखल्यांतून, खरचटल्या जागेतून आत शिरतात. पोटऱ्या दाबल्या तर कळवळतो का, डोळे लाल झालेत का, लघवी कमी होते आहे का, हे विचारा. आणि त्याच्यासोबत कुणीतरी दवाखान्यात जाऊन ‘हा अमुक तारखेला पाण्यात उतरला होता’ हे वाक्य डॉक्टरांना सांगा. तो स्वतः सांगणार नाही. त्याच्या लेखी ती ड्युटी होती, आजाराचं कारण नव्हे. लेप्टोचं औषध साधं आणि स्वस्त आहे, पण ते मूत्रपिंडं आणि फुप्फुसं बिघडायच्या आत पोटात गेलं पाहिजे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. पाणी ओसरलं आणि पुढच्या काही आठवड्यांत लेप्टोचे रुग्ण येऊ लागले. तेव्हापासून आम्ही साथीचं काम करणारे पाण्यात उतरलेल्यांना ७२ तासांच्या आत प्रतिबंधक गोळी द्यायचा आग्रह धरतो. गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. गरोदर बायका आणि लहान मुलांना ती चालत नाही. पुढच्या वेळी उपसायला पंप लावा आणि माणूस उतरवायचाच असेल तर गुडघ्यापर्यंतचे गमबूट द्या. सोसायटीच्या खर्चात ती रक्कम दिसणारसुद्धा नाही.

आता तुमच्या तिन्ही तटांकडे येते. तिघांची चूक एकच आहे: तिघेही आज काय दिसतंय त्याच्यामागे धावताहेत. साथीचं काम करताना मी सगळ्यात आधी पेन्सिल घेऊन तारखा मांडत असे. आज आलेला ताप ही जुन्या घटनेची पावती असते. घटना किती जुनी, ते रोगागणिक बदलतं.

डेंग्यूचा डास चावल्यापासून ताप यायला साधारण ४ ते १० दिवस लागतात. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत त्या रुग्णाला नवा डास चावला, तर विषाणू डासात शिरतो, पण तो डास लगेच आजार देत नाही. विषाणू त्याच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला ८ ते १२ दिवस जातात. मग तो जगेल तोवर, म्हणजे आणखी दोनेक आठवडे, डंखागणिक प्रसाद वाटत फिरतो. एका रुग्णापासून पुढच्या रुग्णापर्यंत दोन-तीन आठवड्यांचं अंतर पडतं ते असं. तुमचे पाच रुग्ण दोनच आठवड्यांतले आहेत, म्हणजे ते एकमेकांकडून आलेले नसावेत. बहुधा त्याच दोन-चार डासांनी जुलैच्या सुरुवातीला पाचही जणांना गाठलं. डेंग्यू पसरवणारा एडिस हा भित्रा डास आहे. हात हलवला की उडतो आणि शेजारच्याला जाऊन चावतो; एका वेळच्या अंड्यांसाठी लागणारं रक्त तो तीन-चार जणांकडून गोळा करतो. चावतो मादीच, पण बोलताना आपण ‘तो डास’च म्हणतो.

याचा अर्थ तुमच्या पाच रुग्णांपासून तयार होणारी दुसरी फेरी अजून आलेली नाही. ती ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात येईल, किंवा तुम्ही येऊ देणार नाही. सोसायटीच्या हातात खरी संधी एवढीच आहे.

त्यात धूर कुठे बसतो? धूर फक्त त्या क्षणी हवेत उडणाऱ्या डासाला मारतो. पाण्यातल्या अळ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही, आणि एडिस तर बंद खिडकीआड पडद्याच्या घडीत, कपाटामागे, टेबलाखाली बसलेला असतो. गाडी आली की तुम्ही खिडक्या लावून घेता, म्हणजे डासाचीच सोय करता. शिवाय आज पाण्यात असलेला कोष, म्हणजे अळी आणि डास यांच्या मधली अवस्था, उद्या-परवा डास होऊन बाहेर पडतो. रोज धूर मारणं म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणं. तरी लोकांना तो हवा असतो, कारण तो दिसतो, वास येतो, काहीतरी झालं असं वाटतं. २०२० साली गेटवर सॅनिटायझरचे बोगदे उभे केले होते, आठवतात? माणसांवर असं रसायन फवारू नका, असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाला एप्रिलमध्येच सांगावं लागलं होतं. जात तीच. धूर मी पूर्ण नाकारत नाही. रुग्णाच्या घरात आणि लगतच्या घरांत आतून फवारणी, तीही पाणी शोधून ओतून झाल्यावर, सकाळी लवकर किंवा सूर्य मावळायच्या आधी डास हलता असताना. एवढ्यापुरता तो कामाचा आहे.

खरं काम आहे पाणी शोधण्याचं. अंड्यापासून डास व्हायला आपल्या पावसाळी हवेत आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा असं महापालिका सांगते, त्याचं गणित हेच. आठवडा ओलांडला की कोष होतो आणि मग डास.

पण ओतून देणं पुरत नाही, आणि इथेच बहुतेक सोसायट्या फसतात. एडिस अंडी पाण्यात घालत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला चिकटवतो. खसखशीच्या दाण्याहून लहान, काळी. पाणी ओतलं तरी ती तिथेच राहतात, कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात, आणि पुढच्या सरीने पाणी तिथवर चढलं की फुटतात. म्हणून पिंप, बादली, कुंडीची थाळी काथ्याने नाहीतर तारेच्या घासणीने आतून खरवडून घासायची आणि उन्हात पालथी ठेवायची.

माझीच गोष्ट सांगते. नोकरीत असताना मी घरोघर फिरून डासांच्या अळ्या शोधणाऱ्या ब्रीडिंग चेकरना तासतासभर व्याख्यानं द्यायची. एकदा त्यांच्यातली एक मुलगी माझ्या घरी चहाला आली आणि सवयीने तिने फ्रिज भिंतीपासून ओढला. मागच्या ट्रेमध्ये बोटभर पाणी होतं. तिने ते पांढऱ्या ताटलीत ओतलं आणि मोबाईलचा टॉर्च मारला. उजेड पडला तशा दहा-बारा अळ्या वळवळत तळाशी गेल्या. मधेच दोन-तीन स्वल्पविरामासारखे वाकडे कोष टुणटुणत वर येत होते. ‘मॅडम, हे परवा उडाले असते,’ ती म्हणाली. दूषित घरांच्या यादीत माझं नाव घाल म्हटलं, आणि तिने खरंच घातलं!

तेव्हा येत्या रविवारी प्रत्येक मजल्यावरून दोन माणसं, एक टॉर्च, एक पांढरी ताटली. फ्रिजचा ट्रे, कुंड्यांच्या थाळ्या, मनी प्लांटची बाटली (ही दिवाणखान्यात असते म्हणून कुणी तिला संशयित धरत नाही), एसीच्या पाण्याखाली लावलेली बादली, कबुतरांसाठी ठेवलेलं भांडं, गच्चीवरचं भंगार, पत्र्यावर टाकलेल्या ताडपत्रीच्या खळग्या, पोडियमवरचं बंद पडलेलं कारंजं. कारंजं ओतता येत नसेल तर त्यात गप्पी मासे सोडा. महापालिकेच्या हिवताप विभागाकडे मागितले तर मिळतात.

मला सगळ्यात जास्त संशय तुमच्या बंद फ्लॅटांचा आहे. गुंतवणुकीसाठी घेऊन कुलूप लावलेलं घर, आत कमोड, फ्लशची टाकी, बाथरूमची जाळी, सगळीकडे तळाला पाणी. तिथे ना कुणी फ्लश ओढत, ना झाडू फिरवत. मालक दुबईत असो की डोंबिवलीत, कमिटीने चावी मागवून घ्यावी, कमोडचं झाकण लावून त्यावर टेप मारावी, जाळ्या बंद कराव्यात. पत्रव्यवहार ठेवा. उद्या कुणी वाद घातला तर तोच उपयोगी पडतो.

बांधकामाचं. एडिस फार लांब जात नाही. साधारण शंभर-दोनशे मीटरच्या टप्प्यात त्याचा संसार असतो. त्यामुळे शेजारची साइट नक्कीच तपासण्यासारखी आहे: लिफ्टचा खड्डा, स्लॅबवर क्युरिंगसाठी अडवलेलं पाणी, मजुरांची उघडी पिंपं. पण तिथे डेंग्यूपेक्षा मला मलेरियाची काळजी जास्त वाटते. शहरातल्या मलेरियाचा डास, अॅनॉफिलिस स्टिफेन्साय, विहिरी, उघड्या टाक्या आणि बांधकामाच्या पाण्यावर पोसतो, आणि तो रात्री चावतो. झोपडीत मच्छरदाणीशिवाय झोपलेला मजूर आधी आजारी पडतो, मग तुमचा पहिला-दुसरा मजला. तक्रार करा, त्यावर नोटीसही निघेल. पण त्याआधी साइटच्या सुपरवायझरला भेटा आणि मजुरांचे रक्तनमुने घ्यायला आरोग्य केंद्राची माणसं बोलवा. एक गोष्ट लोकांना माहीत नसते: आपल्याकडच्या व्हायव्हॅक्स मलेरियाचे जंतू यकृतात दडून बसतात. ताप तीन दिवसांत उतरतो, पण त्या दडलेल्यांसाठीच्या गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात. लोक चौथ्या दिवशी सोडतात. दोन महिन्यांनी ताप आला की ‘पुन्हा डास चावला’ म्हणतात आणि त्या तापात वस्तीतल्या डासांना पुन्हा जंतू पुरवतात. त्या गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टर एक रक्ततपासणी करून घेतात, ती टाळू नका.

आणि तुमच्या स्वतःच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण बघा. मी चढून पाहिलेल्या इमारतींमध्ये निम्म्या झाकणांना बिजागरी नसायची, वर एक वीट ठेवलेली असायची.

आता काविळीकडे. हिपॅटायटिस ए झालेल्या मुलाच्या पोटात तो विषाणू सरासरी २८ दिवसांपूर्वी गेलेला असतो. दोन आठवड्यांपासून सात आठवड्यांपर्यंत केव्हाही. मुलं जुलैच्या मध्यात पिवळी दिसली, म्हणजे बोट जूनकडे जातं, आणि जूनमध्ये तुमच्याकडे रोज टँकर होते. टँकरच दोषी असं मी म्हणत नाही. दोघांनी मिळून कुठे पाणीपुरी खाल्ली होती का, एकाच क्लासला जातात का, तेही विचारा. पण आज नळाचं पाणी तपासून ‘रिपोर्ट चांगला आला’ म्हणून निर्धास्त होऊ नका. तपासणी आजच्या पाण्याची झाली, गुन्हा जूनमधला आहे. आजच्या तपासणीचा उपयोग पुढचं टाळण्यापुरता.

ती कशी करायची, ते नीट सांगते, कारण हे तुमच्या हातात आहे. शुद्ध केलेलं पाणी निघतं तेव्हा त्यात थोडा क्लोरीन मुद्दाम शिल्लक ठेवलेला असतो, वाटेत काही मिसळलं तर मारायला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरायला हवा. पाण्याच्या नळीत ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो. यालाच आमची माणसं ‘ओटी घेणे’ म्हणतात. ओटी तीन ठिकाणी घ्या: महापालिकेची लाइन सोसायटीत शिरते तिथे, जमिनीखालच्या टाकीत, आणि वरच्या मजल्यावरच्या एका नळाला. शिरतानाच रंग नसेल तर दोष बाहेरचा, महापालिकेला कळवा. शिरताना पिवळा आणि टाकीतल्या पाण्याला रंगच नाही, तर तुमची टाकी खातेय: तळाला गाळ आहे, किंवा कुठूनतरी घाण आत येतेय. टँकर आला की तो रिकामा करण्याआधी त्याचीही ओटी घ्या. पिवळं नाही झालं तर परत पाठवा. दोन टँकर परत गेले की तिसरा बरोबर येतो, हा माझा अनुभव आहे.

घाण आत येते कशी? आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. पुरवठा सुरू असताना पाइपात दाब असतो, गळतीतून पाणी बाहेर जातं. पुरवठा थांबला की पाइप रिकामा होतो, आत ओढ तयार होते आणि त्याच गळतीतून शेजारच्या गटाराचं पाणी आत खेचलं जातं. पाणी आल्याबरोबरची पहिली पाच मिनिटं म्हणूनच वाईट. ते पाणी टाकीत न घेता बाहेर सोडा. जमिनीखालच्या टाकीचं झाकण पार्किंगच्या फरशीला समतल असेल तर गाड्या धुतल्याचं पाणी सरळ आत जातं. चारी बाजूंनी वीतभर कट्टा बांधून घ्या. ड्रेनेजचा चेंबर टाकीला किती जवळ आहे तेही मोजा.

टाकी घासून धुतल्यावर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर, म्हणजे टीसीएल, हे प्रमाण धरतात. पावडर ताजी हवी. पोतं उघडं पडलेलं असेल तर त्यात चुनाच उरलेला असतो. बादलीत कालवून गाळ खाली बसू द्या, वरची निवळीच टाकीत ओता, अर्धा तास थांबा आणि मग ओटी घ्या. रंग आला नाही तर आणखी थोडी. तोवर घरोघरी पाणी खळखळून एक मिनिट उकळा. फिल्टर आहे म्हणून सुटका नाही. त्यातला जंतू मारणारा यूव्ही दिवा कधी बदलला होता ते बहुतेकांना आठवत नाही.

सोसायटीत कुणी गरोदर असेल तर तिला हे आजच सांगा. हिपॅटायटिस ई पण याच वाटेने येतो, आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो जीवघेणा ठरू शकतो. पिवळ्या झालेल्या मुलांना वेगळं ठेवण्याबद्दल: ठेवा, पण त्यांच्या शौचातून विषाणू सगळ्यात जास्त बाहेर पडतो तो डोळे पिवळे होण्याआधीच्या आठवड्या-दोन आठवड्यांत. मुलं खेळत होती तेव्हा. त्यामुळे आता त्यांच्या घराला वाळीत टाकून काही मिळत नाही. साबणाने हात धुण्याने मिळतं.

टायफॉइडच्या रुग्णाचा रिपोर्ट कुठला आहे ते विचारा. तिसऱ्या दिवशी केलेली एकटी विडाल टेस्ट असेल तर मी त्यावर फार विसंबणार नाही. पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेलेल्या, लस घेतलेल्या, इतकंच काय दुसऱ्याच तापाच्या माणसालाही ती पॉझिटिव्ह येते. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, घेणं हा खरा रस्ता. मुलांसाठी लस आहे, चांगली आहे. खाडीपलीकडे नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षं वयाच्या एक लाखाहून जास्त मुलांना टायफॉइडची नवी संयुग्म लस टोचली होती. सरकारी यंत्रणेने ही लस मोठ्या प्रमाणावर दिल्याचं जगातलं ते पहिलं उदाहरण मानतात. आपल्या शेजारी घडलेली गोष्ट, आणि ठाण्यात फार कुणाला माहीतही नाही.

डेंग्यूच्या पाच घरांसाठी. रुग्णाला तापाचे पहिले पाच दिवस दिवसाही मच्छरदाणीत ठेवा. त्याला डासांपासून वाचवायचं नाहीये, डासांना त्याच्यापासून वाचवायचंय. तापाला पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, अॅस्पिरिन, आणि ‘डॉक्टर, एक इंजेक्शन द्याच’ म्हणून मागून घेतलेलं वेदनाशामक, यातलं काहीही नको. धोका ताप चढलेला असताना नसतो. तो उतरतो त्या दिवशी, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात असतो, जेव्हा घरचे म्हणतात ‘सुटलो’. तेव्हा पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, माणूस गळून जाणं, यातलं एकही दिसलं तर थेट रुग्णालय. प्लेटलेटचा आकडा व्हॉट्सअॅपवर क्रिकेटच्या स्कोअरसारखा फिरतो, पण रक्तस्राव नसेल तर ४० हजारांना प्लेटलेट चढवायचं कारण नसतं. पपईच्या पानाच्या रसापेक्षा मिठाची पेज आणि नारळपाणी वेळेवर प्यायलेलं बरं.

कामवाल्या बायकांवर बंदी हा मुद्दा मी एका परिच्छेदाहून जास्त लायकीचा समजत नाही. त्या डास पदरात बांधून आणत नाहीत. उलट दिवसा चावणारा डास तुमच्या घरात असेल, तर दिवसभर तुमच्या घरात कोण असतं? त्यांच्यापैकी कुणाला ताप असेल तर पगार न कापता चार दिवस सुट्टी द्या. पगार कापलात तर ताप लपवून त्या येतील, आणि त्यात तुमचाच तोटा आहे.

एक वही मात्र करा. इमारत, मजला, ताप सुरू झाल्याची तारीख, तपासणी कुठली आणि कितव्या दिवशी. नाव नसलं तरी चालेल. इमारतीचा नकाशा काढून त्यावर टिंबं द्या. डेंग्यूची टिंबं एका विंगेत गोळा झाली तर उगम तिथेच जवळपास आहे. काविळीची तिन्ही इमारतींत विखुरली तर सामाईक टाकी पकडा. आरोग्य केंद्राची माणसं आली की ही वही त्यांच्या हातात द्या. त्यांचे दोन दिवस वाचतात.

गणपती हॉलमध्ये जरूर बसवा. हॉलच्या खिडक्या उघड्या ठेवा, एसी बंद. खोकला-सर्दीचे रोग बंद हवेत पसरतात. गोवर तर रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहतो, आणि २०२२ च्या अखेरीस आपल्या जवळच्या भिवंडीत त्याची साथ येऊन गेली आहे. पोरांचे नऊ आणि सोळा महिन्यांनंतरचे गोवराचे दोन्ही डोस झालेत का ते मात्र आईबापांनी कार्ड काढून बघावं. प्रसादाला उकडीचे मोदक उत्तम, गरम असताना वाटा. कापून ठेवलेली फळं नकोत. आणि विसर्जनासाठी तुम्ही आवारात टाकी ठेवत असाल, तर ती विसर्जनानंतर दोन दिवसांत रिकामी करून घासायची. गेल्या वर्षीची टाकी जिमच्या मागे उताणी पडली असेल. टॉर्च घेऊन आधी तिथेच जा.